बायकोचा हप्ता कमी का?

प्रश्न : मी सातपूरच्या कारखान्यात टर्नर, बायको सिडकोत शिक्षिका. दोघेही ३४ वर्षांचे, दोघांनाही व्यसन नाही. सारख्याच रकमेच्या टर्म विम्याला (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा जीवनविमा) माझा हप्ता जास्त सांगितला. हा न्याय आहे का?

उत्तर : दादा, हिशेब खोटा नाही. बायका सरासरीने जास्त जगतात, म्हणून त्यांच्या जीवनविम्यात कंपनीची जोखीम कमी धरली जाते. पण सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे, आणि तुमचं दुखणं मला पटतं. नाशिकरोडला वीस वर्षं विमा विकताना मी हा दर कित्येकांना समजावला, तरी मनाला तो कधी रुचला नाही. तंबाखू सोडता येते. पुरुष म्हणून जन्मलो, हे कसं सोडणार?

युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ ला हेच मानलं आणि २१ डिसेंबर २०१२ पासून तिथल्या नव्या पॉलिसींत स्त्री-पुरुष दरभेद बंद झाला. तिथे तरुण मुलींना गाडीचा विमा स्वस्त मिळायचा, ती सवलतही गेली. आपल्याकडे स्कूटरचा थर्ड पार्टी हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो, चालवणारा कोण ते बघत नाहीत. जीवनविम्यात मात्र भेद कायद्याने चालतो.

दर सवयी आणि तब्येत पाहूनच लावावा, असं माझं ठाम मत आहे. तोवर रागाने विमा टाळू नका. आणि वहिनींचाही उतरवा. घर त्यांच्याही पगारावर चालतं, हे बरेच नवरे विसरतात.