नेपाळचा सोपा ट्रेक आणि गावातलं काम: तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात अन्नपूर्णा भागातल्या सोप्या ट्रेकबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेले बरेचसे प्रश्न एकाच वळणाचे आहेत. नुसतं चालून, फोटो काढून परत यायचं नाही, तिथल्या गावात आपल्या हातून काही काम होईल का? हा विचार मला फार आवडतो, म्हणून आजचा सगळा कॉलम त्यालाच देतेय.

प्रश्न: ताई, आम्ही दोघी मैत्रिणी, वय 45च्या आसपास, रोज चालतो पण मोठा ट्रेक कधी केलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीत 12 दिवस मिळतात. 5 दिवस ट्रेक आणि उरलेले दिवस गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायचं असं ठरवतोय. जमेल ना?

ट्रेक अगदी आरामात जमेल, शाळेचं मात्र नाही जमणार, कारण तेव्हा शाळाच बंद असतात. आपल्या नवरात्र-दिवाळीच्या दिवसांत तिकडे दशैं आणि तिहार, म्हणजे वर्षातले सगळ्यात मोठे सण, शिक्षक आपापल्या गावी गेलेले असतात आणि मुलं घरी. गंमत म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच ट्रेकिंगचा सगळ्यात छान सीझन, आकाश स्वच्छ, डोंगर दिसतात, त्यामुळे सुट्टी काढून येणारे सगळे नेमके तेव्हाच येतात आणि शाळेत शिकवायचं म्हणतात. दुसरा सीझन मार्च-एप्रिल, लालीगुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन फुललेला असतो, पण तेव्हा वार्षिक परीक्षा चालू, कारण शाळेचं नवं वर्ष वैशाखात म्हणजे एप्रिलच्या मध्यात सुरू होतं. खरंच शाळेत काम करायचं असेल तर फेब्रुवारी नाहीतर मे महिना धरा. फेब्रुवारीत ट्रेकच्या वाटेवरच्या घोरेपानी गावाला बर्फ लागू शकतो, मे मध्ये दुपारनंतर पाऊस आणि डोंगर धुरकट, पण चालायला दोन्ही चालतात.

आणि मे मध्ये गेलात तरी 5-6 दिवस शिकवण्याने काय होतं तेही सांगते. एका डोंगरातल्या शाळेत मी बघितलंय, दारात पाहुणा दिसला की तिसरीची मुलं आपोआप उभी राहतात आणि हातवारे करत तेच एक इंग्रजी गाणं म्हणतात, कारण येणाऱ्या प्रत्येक ग्रुपनं तेच शिकवलेलं असतं, आणि तेवढा वेळ बाई पुस्तक मिटून कोपऱ्यात उभ्या. त्यांचा धडा तिथेच थांबतो. त्याच शाळेच्या मुख्याध्यापकांना हवं होतं नववी-दहावीच्या विज्ञानाचे प्रयोग कसे करून दाखवायचे हे शिक्षकांना समजावणारं कोणीतरी, ते मात्र कोणी विचारलंच नव्हतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, दोन आठवड्यांपेक्षा कमी वेळ असेल तर वर्गावर जाऊच नका.

मग तुमच्या सुट्टीचं काय करायचं? घोरेपानी-पूनहिल करा, 4-5 दिवसांचा आहे. तिखेढुंगा ते उल्लेरी तीन हजारांहून जास्त दगडी पायऱ्या आहेत, हाच काय तो कस लागणारा भाग, हळूहळू चढा (आता जीप उल्लेरीपर्यंत जाते, गुडघे कुरकुरत असतील तर खुशाल जीपने जा). खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही, धक्का लागला तर धरायला काही नसतं. घोरेपानी 2860 मीटरवर, तिथे रात्री मुक्काम, पहाटे 3210 मीटरवर पूनहिल, समोर धौलागिरी आणि अन्नपूर्णा साउथ, आणि मग ताडापानीवरून घांद्रुकला उतरायचं. 2500 मीटरच्या वर काहींना उंचीचा त्रास होतो, डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर आणखी वर चढायचं नाही, आणि वाढतच गेलं तर सरळ खाली यायचं.

उरलेले दिवस एकाच गावात सामुदायिक होमस्टेत राहा, लमजुंगमधलं घलेगाउं किंवा स्याङ्जातलं सिरुबारी, दोन्ही गुरुंग समाजाची गावं, सिरुबारीत तर 1997 पासून होमस्टे आहे. अशा गावांत पाहुणे घरांमध्ये पाळीपाळीने वाटले जातात, पैशाचा काही भाग गावाच्या फंडात जातो. नोव्हेंबरात गेलात तर कोदो म्हणजे आपली नाचणी काढायचं काम चालू असतं, उभ्या पिकाची कणसं विळ्याने खुडून पाठीवरच्या डोकोत म्हणजे टोपलीत टाकायची, हे कुणालाही तासाभरात जमतं आणि त्या दिवसांत हात कमीच पडत असतात कारण घरटी एखादा तरी तरुण आखातात नाहीतर मलेशियात. घरच्या आमांना म्हणजे आईंना विचारा, हो म्हणाल्या तर त्यांच्याबरोबर शेतात जा. याला कुणी सर्टिफिकेट देत नाही, पण उपयोगाचं काम आहे.

प्रश्न: ताई, मी 20 वर्षांची, कॉलेजला आहे. ऑनलाइन एक पॅकेज सापडलं, पोखराजवळ 4 दिवस ट्रेक आणि 5 दिवस अनाथाश्रमात मुलांसोबत खेळायचं, शिकवायचं. पैसे बरेच आहेत पण ते म्हणतात मुलांनाच जातात. घरचे नको म्हणतायत.

नको जाऊस. घरच्यांनी कुठल्या कारणाने नको म्हटलंय माहीत नाही, पण माझं कारण वेगळं आहे. नेपाळमधल्या अशा आश्रमांतल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील जिवंत आहेत. हुम्लासारख्या दूरच्या, गरीब जिल्ह्यांतून दलाल 'चांगल्या शाळेत घालतो' म्हणून मुलं आणतात, आईबाप त्यासाठी कर्ज काढून पैसेही देतात, आणि मुलं येऊन पडतात काठमांडू-पोखरासारख्या टूरिस्ट येतात त्या ठिकाणी. जितके पाहुणे आणि देणग्या जास्त तितकी मुलं 'अनाथ' ठेवण्यात फायदा जास्त. युनिसेफ कितीतरी वर्षं हेच सांगतंय. सगळेच आश्रम असे असतात असं नाही, पण बाहेरून आलेल्या तुला 5 दिवसांत फरक कळणार नाही. आणि आश्रम चांगला असला तरी आज तू त्या मुलीच्या वेण्या घालणार, परवा निघून जाणार, पुढच्या आठवड्यात दुसरी ताई, असं तिच्या आयुष्यात किती वेळा व्हायचं? जी संस्था कुठलीही चौकशी न करता अनोळखी माणसाला मुलांमध्ये सोडते ती मुलांची काळजी कशी घेत असेल, एवढंच बघ.

दुसरी कुठलीही संस्था सापडली तर चार गोष्टी लेखी विचार: हे काम गावातल्या कोणी मागितलंय, मी गेल्यावर ते कोण पुढे चालवणार, माझ्या पैशातले गावात किती राहतात, आणि मी करणार ते काम करायला तिथे पैसे देऊन माणूस मिळत नाही का. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे गं, भिंत रंगवायला पोखऱ्याहून गवंडी-रंगारी मिळतो आणि त्याला त्या पैशांची गरज आहे. 25 एप्रिल 2015 च्या 7.8 तीव्रतेच्या भूकंपात दगड-मातीची घरं कशी बसली ते त्या लोकांनी बघितलंय, तिथे ज्याला बांधकाम येत नाही त्यानं भिंती उभारू नयेत. संस्था नेपाळमधली असेल तर ती समाज कल्याण परिषदेशी, म्हणजे संस्थांवर देखरेख करणाऱ्या तिथल्या सरकारी मंडळाशी, संलग्न आहे का तेही बघ. नीट उत्तरं देणारी संस्था मिळाली तर परीक्षेनंतर महिना-दीड महिना जा, शिक्षकांना मदतनीस म्हणून, आणि आताचे पैसे वाचवून साधा ट्रेक कर.

प्रश्न: मी वीज खात्यातून रिटायर झालो, वय 62, तब्येत ठणठणीत, गड-किल्ले भरपूर केले. महिनाभर वेळ आहे. शिकवता येत नाही, पण वायरिंग, मोटार, सोलर सगळं येतं. अशा माणसाचा तिथे उपयोग आहे का?

काका, तुमचं पत्र वाचून मला इतका आनंद झाला! हाच तर उपयोग. म्याग्दी जिल्ह्यात नांगी नावाचं गाव आहे, तिथले शिक्षक महावीर पुन यांना गावात इंटरनेट आणायचं होतं, फोनची लाइनसुद्धा नव्हती. 2001 मध्ये त्यांनी बीबीसीला ईमेल करून कल्पना मागितल्या, ते छापून आल्यावर परदेशातून जाणकार स्वयंसेवक मदतीला आले, साधे टीव्हीचे डिश अँटेना आणि उंच झाडांवर रिले असं करत करत पुढच्या दोन-तीन वर्षांत डोंगरातली गावं पोखऱ्याशी जोडली गेली. पुढे त्यावर आजारी माणसं शहरातल्या डॉक्टरांशी बोलायला लागली. 2007 मध्ये पुन यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. यात मला सगळ्यात मोठं काय वाटतं तर काम गावानं ठरवलं, बाहेरच्यांनी येणारी विद्या तेवढी दिली, आणि ती गावातल्या पोरांनी शिकून घेतली, त्यामुळे पाहुणे गेल्यावर सिस्टिम बंद नाही पडली.

तुम्हीही तसंच करा. स्वतः दुरुस्ती करून मोकळं व्हायचं नाही, गावातली दोन मुलं शेजारी घ्यायची आणि पान्हा त्यांच्या हातात द्यायचा. मल्टिमीटर, क्रिंपिंग टूल, टेस्टर न्या आणि येताना तिथेच ठेवून या. जाण्याआधी शाळेशी किंवा गावातल्या समितीशी बोलून काय बिघडलंय ते फोटोसकट मागवा, बॅटरी कुठली, कंट्रोलर कुठला, नाहीतर तिथे पोचल्यावर पार्ट मिळायला आठवडा जाईल. आणि ट्रेक? नांगीवरूनच मोहरे डांडाला वाट जाते, साधारण 3300 मीटर, वर गावांनी मिळून चालवलेला लॉज आहे, पूनहिलपेक्षा गर्दी खूप कमी. तुम्ही किल्ले केलेत, तुम्हाला हे सहज जमेल. काम आधी करा, ट्रेक शेवटी, म्हणजे काम एखाद-दोन दिवस लांबलं तरी धावपळ नाही.

प्रश्न: मुलांसाठी चॉकलेट, पेन, जुने कपडे नेले तर?

वाटेत मुलांना काहीही वाटू नका. शाळा बुडवून वाटेवर उभं राहायची सवय लागते, आणि चॉकलेटनं दात किडले तर दातांचा डॉक्टर दिवसभराच्या अंतरावर. शाळेला द्यायचं असेल तर आधी विचारून, पोखऱ्यात विकत घेऊन, मुख्याध्यापकांच्या हातात द्या. जुने कपडे नकोच. त्यापेक्षा पोर्टरला बूट आणि जाकीट धड आहे का ते बघा, आणि त्याच्या पाठीवर 30 किलोच्या वर ओझं जाऊ देऊ नका.

प्रश्न: मी नर्स आहे, वाटेतल्या गावांत तपासणी कॅम्प घेऊ का?

स्वतःहून नको. परदेशी डॉक्टर-नर्सला तिथे काम करायला तिथल्या कौन्सिलची परवानगी लागते, आणि गोळ्या वाटून आपण पुढे गेलो की फॉलोअप कोण घेणार? गावागावात 1988 पासून महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका आहेत, आपल्या आशाताईंसारख्या, त्यांना कुठल्या विषयाचं ट्रेनिंग हवंय ते तिथल्या आरोग्य चौकीमार्फत विचारा आणि परवानगी घेऊनच जा.

प्रश्न: कागदपत्रं काय लागतात?

आपल्याला व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, आधार कार्डावर भागवू नका. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचं परमिट सार्क देशांच्या लोकांना 1000 नेपाळी रुपये, म्हणजे आपले 625, इतर परदेशी लोकांना 3000. 1 एप्रिल 2023 पासून परदेशी ट्रेकरनं लायसन्सवाला गाइड घ्यायचा असा नियम आहे, तर तो शक्यतो त्याच भागातला बघा, त्याला शाळेचे मास्तर, आमा समूहाच्या म्हणजे गावातल्या महिला मंडळाच्या बायका सगळे नावानं माहीत असतात. कामासाठी जाणार असाल तर संस्थेचं किंवा शाळेचं लेखी पत्र जवळ ठेवा, त्यात काम आणि तारखा लिहिलेल्या हव्यात. तुमच्याबरोबर इतर देशाचा पासपोर्ट असलेलं कोणी येत असेल तर त्यांना टूरिस्ट व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा करता येत नाही, त्यांची परवानगी संस्थेनं आधी काढायला हवी.