वसूल करायला जाऊ नको, पोरी

पोरी,

रविवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा मी बगिच्यात होतो. आमच्याकडे लाइन रात्रीची, ओलीत करून घरी यायला साडेअकरा होतात, म्हणून धड बोललो नाही. पण तू रडवेली होऊन "मोठेबाबा, मॉरिशसच्या टूरचे पैसे भरू का नको, मला काहीच समजून नाही राहिलं" म्हणाली ते दोन दिवस डोक्यात घोळून राहिलं. तर लिहितो. लांबेल. सवडीनं वाच आणि जवाईबापूंनाही वाचायला दे.

जावं की नाही हा प्रश्न मी घेतच नाही. पैसे तुम्ही दोघांनी कमावले, कर्ज काढून नाही चालले, लेकरांना समुद्र दाखवावा वाटतो, विषय संपला. सासूबाई म्हणतात दीड वर्षाच्या लेकराला काय आठवणार. नाहीच आठवणार. पण रोज त्याला वरणभात कालवून भरवतो तो काय आठवावा म्हणून भरवतो का? त्यांच्याशी वाद घालू नको मात्र, त्यांचा जन्म एकेक रुपया गाठीला बांधण्यात गेला, माझाही तसाच गेला.

मला काळजी वेगळीच आहे. जवाईबापूंनी एक्सेल शीट पाठवली ना मला, मॉरिशस पाच रात्री, सकाळी बुफे, मग कयाक, मग काचेच्या तळाची बोट, एक दिवस बेटावर, एक दिवस टॅक्सीनं दक्षिणेकडं, आणि शेवटच्या रकान्यात रोज किती रुपये "वसूल" झाले त्याचा हिशेब. त्या रकान्यापाशी मी अडकलो. बाकी काय ठेवायचं ते ठेवा, तो रकाना काढ. वसूल करायला जाऊ नको.

हे मी हवेत नाही बोलून राहिलो. 2001 ची दिवाळी. आमची पहिली आणि शेवटची मोठी टूर, एका टूरवाल्याच्या बसनं दहा दिवसांत अख्खी दक्षिण. माझ्याजवळ एक वही होती, कुठं किती वाजता पोचलो, काय पाहिलं, काय राहिलं, पाहिलं त्याच्यापुढं खूण. तुझी ताई तेव्हा चार वर्षांची. कन्याकुमारीला तिनं समुद्र पहिल्यांदा पाहिला. आपल्या गावच्या पोट्ट्यांना पाणी म्हणजे विहीर नाहीतर वर्धा नदी. ती आधी नुसती उभी राहिली, मग खाली बसून फ्रॉकच्या ओच्यात रेती भरू लागली. तिथली रेती लालसर, मधेच काळी. मूठभर घ्यायची, बोटं उघडून पाहायची, परत मिटायची. इकडं विवेकानंद शिलेच्या बोटीची रांग वाढत चालली, बस साडेबाराला सुटणार, वहीत खूण राहिलेली. मी तिला हाताला धरून उठवलं. उठेना, तर ओढलं. ओच्यातली सगळी रेती सांडली आणि तिनं जो टाहो फोडला तो बोटीत बसेपर्यंत थांबला नाही. शिला पाहिली. काय पाहिलं ते आज मला धड सांगता येत नाही. रात्री बसमध्ये पोरगी तापानं फणफणली, तुझी मोठीआई पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती, मी तिची मूठ सोडवली तर आत रेती. घामानं तळहाताच्या रेषांत बसलेली. सकाळपासून धरून ठेवली होती तिनं.

मागच्या वर्षी सहज विचारलं तिला, कन्याकुमारीचं काही आठवते का. म्हणाली, "तुम्ही ओढत होते."

म्हणून म्हणतो, वसूल करू नको.

तुम्ही धरलेला हा ऑल इन्क्लुझिव्ह प्रकार, म्हणजे राहणं-खाणं-पिणं सगळं एकाच भावात, निघाला कशातून माहीत आहे का तुला? 1950 मध्ये जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या बेल्जियमच्या माणसानं स्पेनच्या मायोर्का बेटावर समुद्राकाठी तंबू ठोकले, क्लब मेडिटेरानी नाव दिलं. महायुद्ध संपून पाचच वर्षं झाली होती, लोक पिचलेले. एकदाच पैसे भरा, मग तिथं खिशात हात घालायचं काम नाही. पुढं तर काही प्यायला घेतलं की पैशाच्या जागी गळ्यातल्या माळेचे मणी द्यायची पद्धत होती. पैसा डोळ्यांपुढं येऊच नये म्हणून केलेली सोय ही, आणि आपण तिथं जाऊन घासागणिक हिशेब मांडायचा?

हिशेब करायचाच तर पैसे भरायच्या आधी कर, घरी बसून, आणि चांगला कसून कर. ऑल इन्क्लुझिव्हच्या भावात दारू धरलेली असते, तुम्ही दोघं घेत नाही, तर नाश्ता आणि रात्रीचं जेवण एवढ्याचा, हाफ बोर्ड म्हणतात त्याला, भाव मागून पहा. फरक थोडा असला तर ऑल इन्क्लुझिव्हच घे, कारण लेकराला अकरा वाजता केळ पाहिजे, तीनला दूध पाहिजे, अर्धं खाऊन अर्धं सांडते, आणि दरवेळी बिल येत नाही हीच त्याच्यातली खरी सोय. विमानतळावरून न्यायची गाडी धरली आहे का, मोटरबोटीच्या खेळांचे वेगळे किती, लेखी घे. हॉटेलवाले लेकरं खेळवतात त्या किड्स क्लबमध्ये बहुतेक ठिकाणी तीन-चार वर्षांखालचं घेत नाहीत, म्हणजे तुझी मोठी जाईल, लहान्या तुमच्याचजवळ. लहान्याचं वय परतीच्या तारखेलाही दोनच्या आत आहे ना ते बघ, नाहीतर सीटचं तिकीट लागते. परदेशी टूरच्या पैशावर टीसीएस म्हणून आगाऊ कर कापतील त्याचं टेन्शन नको, रिटर्न भरताना वजा होते. दिवाळीच्या सुट्टीत तिथं उन्हाळा सुरू होतो, चक्रीवादळांचा जोर जानेवारी ते मार्च, म्हणजे वेळ तुम्ही बरोबर धरली.

झालं. एकदा भरले की ते पैसे गेले. त्यानंतर हिशेब नाही, फोनमध्ये नाही आणि मनातही नाही.

आता बघ, वसुली लेकरांवर कशी येऊन बसते. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. इथं साडेसहाला उठणारं लेकरू तिथं पाचलाच टक्क जागं, आणि बुफे साडेसातला उघडला तर त्याच्या पोटात तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले. तुम्ही म्हणाल पैसे भरले, जेवण सोडायचं कसं, आणि झोपेनं पेंगणारं पोट्टं खुर्चीत बसवून ठेवाल, ते रडेल, तुम्ही एकमेकांवर चिडाल. सोडा ना जेवण! सहाला किचनला सांगून वरणभात मागवा, तिथं भारतीय वंशाची वस्ती निम्म्याहून जास्त, दालपुरी तर रस्त्यावर मिळते, लेकरं उपाशी नाही राहत. लेकरं झोपली की तुम्ही दोघं ओसरीत बसा. पहाटे पाचला त्यांना घेऊन किनाऱ्यावर जा, कोणी नसते.

उन्हाचं ऐक. आपण विदर्भातले, सेहेचाळीस डिग्री पाहिलेले, आपल्याला वाटते हे काय ऊन. समुद्रावर वारा असतो म्हणून चटका कळत नाही, आणि पाण्यावरून, रेतीवरून ऊन परत अंगावर येते. आपण उन्हाळ्यात भर दुपारी बैलसुद्धा औताला जुंपत नाही. तर दहा ते चार लेकरं सावलीत, जेवून झोपू द्या. सहा तास खोलीत म्हणजे पैसे वाया, हे जवाईबापूंच्या मनात येणारच. येऊ दे.

आणि पाणी. इथं मात्र मी विनंती नाही करून राहिलो, बजावून सांगतो. बेटाभोवती बऱ्याच ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, त्यामुळं त्रू ओ बिशसारख्या किनाऱ्याला पाणी उथळ आणि शांत. दक्षिणेला ग्री-ग्रीकडं ती भिंत नाही, लाटा थेट आदळतात, म्हणून ती टॅक्सी काढूनच टाक. पण शांत पाण्याचीच जास्त भीती, हॉटेलच्या पोहायच्या टाक्याची तर फारच. बुडणारं लेकरू ओरडत नाही गं, तोंड पाण्याखाली गेलं की आवाजच निघत नाही. दंडाला बांधायच्या फुग्यांवर विसंबू नको, आम्ही पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो तरी काठावर बाप उभा असायचा, नजर न हलवता. दोघांनी पाळी लावा. ज्याची पाळी त्यानं फोन खोलीत ठेवायचा आणि हात पुरेल एवढ्या अंतरावर राहायचं. पायात रबरी बूट घाला, प्रवाळाचे तुकडे आणि समुद्रातले काटेरी जीव असतात. ओआरएसची पाकिटं इथूनच ने.

मला फार वाटते की पोर्ट लुईचा आप्रवासी घाट तुम्ही पाहावा, आपले मजूर बोटीतून उतरायचे तो. 1834 पासून आपली माणसं करार करून तिथं उसाच्या मळ्यात गेली, त्यात मराठीही होते, आजही तिथं मराठी लोक आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पण लेकरं त्या दिवशी रेतीत रमली असली तर नका जाऊ. मी म्हटलं म्हणूनही नका जाऊ.

तू म्हणशील, मोठेबाबा, मग पाच दिवस करायचं काय? काहून काही केलंच पाहिजे! मोठी खड्डा करेल, पाणी आणून ओतेल, ते जिरेल, ती परत आणेल. तिथं बसून राहा.

आणि माझी चूक होती असं तू मनात म्हणत असशील तर म्हण, पण एवढं ऐक. मास्तरकीचा पगार, घरात आठ माणसं, त्या टूरसाठी तीन वर्षं पैसे बाजूला टाकले होते. पुन्हा कधी निघणं होईल हे दिसत नव्हतं आणि झालंही नाही, पुढं संत्र्याला भाव नाही, मग झाडांवर कोळशी रोग, मग बोअर आटले, मग ताईचं कॉलेज. असा माणूस खूण करणार नाही तर काय करेल? ओढायला नको होतं हे मला मान्य आहे. पण वही मी काही हौसेनं नव्हती केली, माझ्याजवळ दुसरी खेप नव्हती. तुझ्याजवळ आहे. तू पुढच्या वर्षी नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी जाऊ शकतेस, तरी शीट करते याचाच मला राग येतो.

बरं, संत्री सोबत नेऊ नको, ताजी फळं तिथं परवान्याशिवाय चालत नाहीत. आंबिया बहार तोवर हाताशी आलेला असेल, आल्यावर इकडं या, चार दिवस राहा.

ताईला तुझ्या जाण्याचं सांगितलं. ती काही बोलली नाही, पण परवा वरुडच्या बाजारातून मोठीसाठी एक लाल बादली आणि छोटं फावडं घेऊन आली. इथं खुंटीला टांगून ठेवली आहे बादली. पार्सलनं पाठवू की तू त्याआधी येऊन राहिली, तेवढं कळव.

तुझे मोठेबाबा