पावसात बुरशी आलेल्या लाकडावर मटण धुरावलं तर चालतं का?

धुरावायला नको. चुलीवर रस्सा उकळायला एखादं लाकूड गेलं तर भागून जातं, कारण तिथं जाळ मोठा असतो आणि पातेल्यावर झाकण असतं. धुरावताना लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसतं, आणि तोच धूर तास-दोन तास मांसावर बसतो. कुबट वास त्यात हमखास उतरतो. शिवाय बुरशी कुठली ते डोळ्यांना कळत नाही. काही बुरशींची विषं भलतीच चिवट असतात. शेंगदाण्यात सापडणारं अफ्लाटॉक्सिन मोडायला २०० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागते.

आधी ओंडका हातात घेऊन नख रुतवून बघा. रुतलं, भुसभुशीत लागलं, तर आतून कुजलंय. बंबात घाला, अंघोळीचं पाणी तरी तापेल. कडक असेल आणि पांढरी पूड वरवरच असेल, तर साल सोला, तोंडाला रुमाल बांधून अंगणात घासा, उन्हात वाळवा आणि चुलीलाच वापरा.

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर लाकूड ताडपत्रीत गुंडाळून भिंतीला टेकवलं की बुरशी आलीच म्हणून समजा. विटांवर रचा, वर पत्रा टाका, बाजू मोकळ्या सोडा. दोन तुकडे एकमेकांवर आपटा: वाळलेलं टणकन वाजतं, ओलं थप्प करतं.

आणि घाईच असेल तर मटण नेहमीसारखं शिजवा. वाटीत लाल निखारा, त्यावर चमचाभर तूप, पातेल्यावर झाकण, पाच मिनिटं. पावसाळ्यात तेच बरं.