मुंबईच्या हवेमुळे मुलांच्या अभ्यासावर खरंच परिणाम होतो का?

हो, होतो, आणि तो खोकल्यापुरता नाही. बार्सिलोनातल्या ३९ शाळांमधल्या ७ ते १० वर्षांच्या २,७१५ मुलांच्या २०१२-१३ मध्ये वर्षभरात वारंवार चाचण्या घेतल्या गेल्या. स्वच्छ हवेच्या शाळांत मुलांची कार्यकारी स्मृती (तोंडी हिशेब करताना आकडे डोक्यात धरून ठेवण्याची ताकद) वर्षात ११.५ टक्क्यांनी वाढली, रहदारीच्या धुरातल्या शाळांत फक्त ७.४ टक्क्यांनी. पालक म्हणून मला हा आकडा सगळ्यात जास्त टोचतो.

तब्येतीचं म्हणाल तर मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतात आणि त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात. मुंबईत हिवाळ्यात वारा पडला की धूळ-धूर खालीच साचतो. दमा असलेल्या मुलांना हेच दिवस जड जातात.

शाळा सुटताना फाटकाशी उभं राहून बघा. बस, रिक्षा, गाड्या इंजिन चालू ठेवून रांगेत, आणि धूर थेट पहिली-दुसरीतल्या पोरांच्या तोंडावर. पालकसभेत आधी हाच मुद्दा मांडा, इंजिन बंद करायला पैसे लागत नाहीत. वर्ग कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसायला सांगा. हिवाळ्यात पी.टी.चा तास सकाळी लवकर नको, उन्हं वर आल्यावर ठेवा. समीर ॲपवर (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, हवा किती खराब आहे ते दाखवणारं ॲप) जवळच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचा हवा गुणवत्ता निर्देशांक (AQI; जितका जास्त तितकी हवा खराब) २०० च्या वर असेल तर मैदानावर धावणं टाळा. दमा असेल तर इनहेलर दप्तरातच असू द्या, आणि तो कुठल्या कप्प्यात आहे ते वर्गशिक्षकांना माहीत हवं.