दुर्बिणीला न दिसणारी जोडी

प्रश्न : ब्रह्महृदय तारा माझ्या दुर्बिणीतून एकच दिसतो. मग त्याला जोडतारा का म्हणतात?

उत्तर : मीही कित्येक रात्री डोळा लावून बसलो आहे, तोच एक पिवळसर ठिपका! तिथे दोन राक्षसी तारे आहेत, पण ४३ प्रकाशवर्षांवर. त्यांच्यातलं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या जेमतेम पाऊण पट, त्यामुळे आपली दुर्बीण हात टेकते. दोन तारे असल्याचं उलगडलं ते वर्णपटाने, म्हणजे प्रकाश रंगांत फाकवून मिळणाऱ्या पट्ट्याने, १८९९ साली. दोघे एकमेकांभोवती फिरतात; एक तारा आपल्याकडे येताना त्याच्या पट्ट्यातल्या काळ्या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जाणाऱ्याच्या तांबड्याकडे. १०४ दिवसांत फेरी पुरी. त्यावरून वस्तुमानही कळलं : प्रत्येकी सूर्याच्या सुमारे अडीच पट. थोरला तर सूर्याहून बारापट रुंद! मला हे अजूनही विलक्षण वाटतं.