वाचकांचे प्रश्न : आकडेमोड जमली, पण आकडे ठेवायचे कुठे?

पहिल्या पिढीतल्या, म्हणजे व्हॉल्व्हवर (काचेच्या नळीतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) चालणाऱ्या संगणकांबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रं वेगवेगळ्या गावांहून आली असली, तरी बहुतेकांचा रोख शेवटी मेमरीकडे वळतो, आणि ते बरोबरच आहे. त्या काळी भरभर बेरीज करणारं यंत्र बनवणं जमलं होतं, केलेली बेरीज धरून ठेवणं जमत नव्हतं.

प्रश्न : एनिॲकमध्ये हजारो व्हॉल्व्ह होते म्हणतात. आमच्या जुन्या रेडिओत पाच होते, तरी वर्षा-दोन वर्षांत एखादा जायचाच. मग हे यंत्र चालायचं कसं? (एक वाचक, सातारा)

शंका अगदी रास्त आहे. यंत्र बांधलं जात असताना अनेक जाणकारांनी हीच शंका काढली होती. एनिॲक या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकात १७,४६८ व्हॉल्व्ह होते. एक व्हॉल्व्ह सरासरी ५,००० तास टिकतो असं धरलं, तर तासाला साडेतीन व्हॉल्व्ह जायला हवेत, म्हणजे दर सतरा मिनिटांनी यंत्र बंद. प्रत्यक्षात साधारण दोन दिवसांतून एक जाई. याचं श्रेय मुख्य अभियंता प्रेस्पर एकर्ट यांच्या काटेकोरपणाला जातं. व्हॉल्व्हवर त्याच्या क्षमतेपेक्षा बराच कमी भार टाकायचा, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम, यंत्र शक्यतो बंदच करायचं नाही. फिलामेंट (व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या तारा) तुटतात ते बहुधा तापताना किंवा निवताना. सतत गरम राहिलेला व्हॉल्व्ह जास्त टिकतो. घरी व्हॉल्व्हचा रेडिओ वारंवार चालू-बंद करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

तरी एवढे व्हॉल्व्ह लागले कशाला? एक दशमान अंक धरून ठेवायला ३६ व्हॉल्व्ह खर्ची पडत. एनिॲकच्या वीस संचयकांत (आकडा धरून ठेवून त्यात बेरीज करणाऱ्या भागांत) प्रत्येकी दहा अंक मावत. म्हणजे अवघे २०० अंक लक्षात ठेवण्यासाठी ७,२०० व्हॉल्व्ह. या वाटेने मोठी मेमरी होणं शक्यच नव्हतं.

प्रश्न : पाऱ्यात माहिती साठवत असत हे खरं का? द्रवात काही लिहून कसं ठेवणार? (अकरावीची विद्यार्थिनी, नांदेड)

खरं आहे, मात्र पाऱ्यात काही लिहिलेलं नसे. पाऱ्याने भरलेल्या नळीच्या एका टोकाला क्वार्ट्झचा स्फटिक असे. त्याला विजेचा ठोका दिला की तो कंप पावे आणि पाऱ्यातून ध्वनी निघे. दुसऱ्या टोकाचा स्फटिक त्या ध्वनीचं परत विजेत रूपांतर करी. तो क्षीण झालेला ठोका मोठा करायचा, नीट आकारात आणायचा आणि पुन्हा पहिल्या टोकाला सोडायचा. ठोका आला तर १, नाही आला तर ०. वीज गेली की सगळं गेलं.

केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांच्या चमूने बांधलेल्या एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी पहिलं गणित सोडवलं, ते अशाच मेमरीवर. तिथे दर २ मायक्रोसेकंदाला एक ठोका सुटे आणि एका फेरीत ५७६ ठोके मावत. म्हणजे फेरी सुमारे १.१५ मिलिसेकंदांची. पाऱ्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १,४५० मीटर आहे, त्यावरून गणित केलंत तर नळी पाच फुटांहून थोडी लांब निघेल. तेवढीच ती होती.

पारा महाग, जड आणि विषारी. मग पाणी का नाही वापरलं? क्वार्ट्झ आणि पारा यांचा ध्वनीला होणारा विरोध जवळपास सारखा आहे, त्यामुळे ध्वनी एकातून दुसऱ्यात सहज शिरतो. पाण्याचा विरोध याच्या दहाव्या हिश्शाएवढा, त्यामुळे बराचसा ध्वनी सीमेवरूनच माघारी फिरतो. गणिती ॲलन ट्यूरिंगने पाऱ्याऐवजी जिन हे मद्य चालेल असं सुचवलं होतं. सूचना सगळीच थट्टेची नव्हती, पण यंत्रात भरली गेली नाही.

पाऱ्याची खरी कटकट तापमानाची. एक अंश तापमान वाढलं की ध्वनीचा वेग साधारण ०.०३ टक्के घटतो. हे क्षुल्लक वाटेल, पण ५७६ ठोक्यांच्या रांगेत तीन अंशांच्या फरकाने शेवटचा ठोका अर्ध्या घराने मागे पडतो आणि यंत्र शेजारचाच आकडा वाचतं. म्हणून नळ्यांचं तापमान सांभाळावं लागे. शिवाय हवा तो आकडा टोकाशी येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी ताटकळायचं. बेरीज करणारा भाग तोवर रिकामाच.

प्रश्न : जुन्या बाजारात एक चौकट मिळाली. तांब्याच्या बारीक तारांचं जाळं आणि प्रत्येक छेदावर मोहरीएवढी काळी कडी. ही संगणकाची मेमरी आहे का? किती माहिती मावते? चालू होईल का? (इलेक्ट्रॉनिक्सचे छंदी, कोल्हापूर)

ही फेराइट कोअर मेमरी. छान वस्तू हाती लागली आहे. आडव्या तारा मोजा, उभ्या मोजा आणि गुणाकार करा. ६४ गुणिले ६४ असतील तर ४,०९६ बिट (एक बिट म्हणजे एक ० किंवा १), म्हणजे ५१२ बाइट. मात्र बहुतेक यंत्रांत एका चौकटीत प्रत्येक शब्दाचा (यंत्र एकदम हाताळतं त्या बिटांच्या गटाचा) एकेकच बिट असे. ४० बिटांचा शब्द असेल तर अशा ४० चौकटी एकावर एक रचाव्या लागत. तुमच्याकडे त्यातला एक थर आला असावा.

काम असं चाले. प्रत्येक कडी घड्याळाच्या दिशेने किंवा उलट दिशेने चुंबकित राहते. एक दिशा १, दुसरी ०. कडी उलटायला ठरावीक प्रवाह लागतो आणि त्याच्या निम्म्याने ती जवळजवळ हलतही नाही. हीच सगळी खुबी आहे. एका आडव्या तारेत निम्मा प्रवाह सोडायचा, एका उभ्या तारेत निम्मा. जिथे त्या छेदतात तेवढी एकच कडी उलटते. वाचायचं झालं तर तिला ० कडे ढकलायचं. ती १ असेल तर उलटताना तिसऱ्या, म्हणजे वाचन-तारेत ठोका उमटतो, आधीच ० असेल तर जवळपास काहीच नाही. म्हणजे वाचलं की पुसलं! त्यामुळे प्रत्येक वाचनानंतर तोच आकडा परत लिहावा लागे, आणि लिहिताना ज्या थरात ० हवा तिथे चौथ्या तारेतून उलटा प्रवाह सोडून कडी रोखून धरत.

आता तपासणी. आधी भिंगातून पाहा. एका कडीतून चार तारा जात असतील तर ही जुनी चार तारांची रचना. तीन असतील तर वाचन आणि रोखण्याचं काम एकाच तारेवर दिलेलं आहे. धूळ ब्रशने झाडू नका, रबरी फुग्याच्या हवेने उडवा. फेराइट काचेसारखं ठिसूळ असतं आणि तुटलेली कडी बदलायची तर त्या ओळीच्या तारा उसवाव्या लागतात. मग मल्टीमीटर २०० ओहमच्या पट्टीवर ठेवा. प्रत्येक आडव्या आणि उभ्या तारेच्या दोन टोकांत अगदी कमी ओहम यायला हवेत. वाचन-तार सगळ्या कड्यांतून ओवलेली, म्हणून बरीच लांब. तिचे ओहम जास्त येतील, घाबरू नका. काहीच येत नसेल तर आधी चौकटीच्या कडेचे टाके पाहा. तारा बहुधा तिथेच तुटतात आणि बारीक टोकाच्या सोल्डरने जोडताही येतात. आडव्या आणि उभ्या तारांत मात्र परस्पर जोडणी दिसता कामा नये. दिसली तर कडीच्या धारेने इनॅमल खरवडलं गेलं आहे, त्याला घरी उपाय नाही.

पूर्ण चौकट चालू करायच्या फंदात पडू नका, एक कडी चालवून पाहा. दोन तारांत एकाच वेळी काही मायक्रोसेकंदांचे ठोके सोडावे लागतील. प्रवाह कडीच्या आकारावर अवलंबून असतो, पण शे-दीडशे मिलिअँपिअरपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. वाचन-तारेवर मिळणारा ठोका मिलिव्होल्टमध्ये असतो, त्यामुळे ऑसिलोस्कोपशिवाय काही दिसणार नाही. प्रवाह कमी पडला तर कडी उलटतच नाही आणि तुम्हाला कायम ० दिसेल. जास्त झाला तर त्याच ओळीतल्या शेजारच्या कड्याही निम्म्या प्रवाहावर उलटू लागतात. कड्या तापल्या की कमी प्रवाहातही उलटतात, म्हणून सकाळी जुळवलेलं दुपारी बिघडतं. मोठ्या यंत्रांत यासाठी तापमानाप्रमाणे प्रवाह बदलण्याची सोय असे. काहींनी तर सबंध मेमरी तेलात बुडवली होती.

प्रश्न : भारतात बांधलेला पहिला संगणक मुंबईचा की कोलकात्याचा? (स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, लातूर)

दोन्ही उत्तरं छापलेली सापडतात, कारण प्रश्नच दोन आहेत. देशात आलेला पहिला डिजिटल संगणक कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचा एचईसी-२एम, तो ब्रिटनमधून विकत आणलेला होता. देशात आराखडा आखून बांधलेला पहिला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालचा. त्याचं छोटं प्रायोगिक रूप १९५६ मध्ये चाललं, पूर्ण यंत्र १९६० मध्ये वापरात आलं आणि जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण केलं. परीक्षेत ‘बनावटीचा’ असा शब्द असेल तर टिफ्रॅक लिहा.

त्यात २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते, आणि ते सारं १८ फूट लांब, ८ फूट उंच पोलादी सांगाड्यात बसवलेलं. आम्हाला त्याहून मोलाची वाटते ती मेमरी: ४० बिटांचे २,०४८ शब्द, तेही फेराइट कड्यांवर. गुणाकार केलात तर ८१,९२० कड्या होतात. अमेरिकेतल्या व्हर्लविंड संगणकात हे तंत्र १९५३ मध्ये बसवलं गेलं होतं. इतक्या लवकर ते मुंबईत उचललं गेलं, पाऱ्याच्या नळ्यांचा टप्पा सरळ टाळून. १९६४ मध्ये संस्थेत ट्रान्झिस्टरवर चालणारा सीडीसी ३६०० आला आणि पुढच्याच वर्षी टिफ्रॅकचं काम संपलं.

प्रश्न : वडिलांच्या कपाटात भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा सापडला. वर काही छापलेलं नाही. वाचता येईल का? आणि सांडली तर क्रम कसा लावायचा? (गृहिणी, पुणे)

नुसत्या डोळ्यांनी वाचता येईल. कार्डाखाली काळा कागद धरा, भोकं ठसठशीत दिसतील. कापलेला कोपरा सहसा वर डावीकडे येतो. कार्डावर ८० उभे स्तंभ आणि १२ ओळी असतात: सगळ्यात वरची १२ वी, तिच्याखालची ११ वी, मग ० ते ९. एका स्तंभात एकच भोक असेल तर तो त्या ओळीचा अंक. रोमन अक्षराला दोन भोकं लागतात: ए ते आय साठी १२ वी ओळ आणि १ ते ९ पैकी एक, जे ते आर साठी ११ वी आणि १ ते ९, एस ते झेड साठी ० आणि २ ते ९. तुमच्या गावाचं नाव रोमन लिपीत असं येईल: पी म्हणजे ११ व ७, यू म्हणजे ० व ४, एन म्हणजे ११ व ५, ई म्हणजे १२ व ५.

कार्डं फोरट्रान या संगणकीय भाषेतल्या प्रोग्रॅमची असतील तर सूचना ७ ते ७२ या स्तंभांत असेल. ७३ ते ८० हे अनुक्रमांकासाठी राखीव. शहाणे लोक तिथे दहा-दहाच्या टप्प्याने क्रमांक टाकत, म्हणजे मध्ये कार्ड घुसवायला जागा राहते. गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेनाची तिरकी रेघ असेल तर तीही क्रमाचीच खूण. रेघ सरळ जुळली की क्रम जुळला.

सॉर्टर यंत्र एका फेरीत एकच स्तंभ पाही आणि सुरुवात उजवीकडच्या, म्हणजे एकक स्थानाच्या स्तंभापासून करी. हाताने मात्र डावीकडून करा: आधी मोठ्या स्थानाच्या अंकाप्रमाणे ढीग, मग प्रत्येक ढिगात पुढचा अंक. ढीग लहान होत जातात आणि एखादं कार्ड चुकलं तरी त्याच ढिगात सापडतं. यंत्राचीच रीत वापरायची असेल तर एक काळजी घ्या. वरचं कार्ड उचलून ढिगावर तसंच ठेवलं तर ढिगातला क्रम उलटतो आणि आधीच्या फेरीची मेहनत वाया जाते. प्रत्येक कार्ड पालथं ठेवा आणि शेवटी पूर्ण ढीग उलथा.

गठ्ठ्याला रबर बँड लावलेला असेल तर आजच काढा. तो विरघळून कार्डांना चिकटतो. पावसाळ्यात कार्डं दमट होऊन फुगतात, म्हणून सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट बसणाऱ्या डब्यात उभी ठेवा आणि लॅमिनेशन करू नका.