नडगीत रॉड, मग चालायचं कधी?

प्रश्न: डॉक्टर, माझा दादा सिंहगड रोडला गाडीवरून स्लिप झाला, नडगीचं हाड मधोमध मोडलं, ऑपरेशन करून रॉड टाकलाय. सर्जन म्हणाले दुसऱ्याच दिवशी वॉकर घेऊन उभं राहायचं, आई म्हणते तीन महिने पलंगावरून उतरायचं नाही. कुणाचं ऐकायचं? रॉड नंतर काढावाच लागतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: आईंची काळजी कळते हो, पण तो सल्ला मांडीपर्यंत प्लास्टर घालायचे तेव्हाचा. रॉड गुडघ्याखालून हाडाच्या पोकळीत घालतात, वर-खाली आडवे स्क्रू टाकून लॉक करतात, म्हणजे भार रॉड आणि हाड वाटून घेतात, आणि थोडं वजन पडलं तर हाड जुळायला मदतच होते. किती वजन टाकायचं हे मात्र तुकडे किती झालेत त्यावर ठरतं, ते सर्जनलाच विचारा, सोसायटीतल्या काकांना नको. (सांध्याजवळचं फ्रॅक्चर आणि प्लेट असेल तर बरेचदा जास्त थांबावं लागतं.)

नडगीला पुढून नुसती कातडी, रक्तपुरवठाही बेताचा, त्यामुळे पूर्ण जुळायला साधारण 4 ते 6 महिने धरा. दादा सिगरेट ओढत असेल तर आजपासून बंद, हाड जुळणं त्यानेच रखडतं.

रॉड काढलाच पाहिजे असं नाही. गुडघ्यापुढे दुखत असेल किंवा स्क्रू टोचत असेल तर हाड नीट जुळल्यावर काढतात.

पण पोटरी एकदम टणक झाली, गोळी घेऊनही कळ थांबेना, किंवा अचानक दम लागला तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.